अनुभव धागा : डिसेंबरात पुन्हा लावलेली जुनी ख्रिसमस कार्टून्स

काल रात्री जेवणं आटोपल्यावर ‘रूडॉल्फ’ लावला, लाल नाकाच्या रेनडिअरचं ते जुनं बाहुल्यांचं कार्टून. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता, आत मऊभात-मेतकूट खाऊन सगळे सुस्तावलेले. लेक कॉलेजातून सुट्टीला आली आहे. नावांच्या पाट्या सुरू होताच तिने चित्र थांबवलं. “आई, हे साल वाच ना.” रोमन आकड्यांत एक ‘एम’ लिहायचा राहून गेलाय, त्यामुळे १९६४च्या जागी ११६४ झालंय! म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माच्याही शंभरावर वर्षं आधीचं साल. पंचवीस वर्षं दर डिसेंबरात हे बघतेय आणि कधी नजरेला पडलं नव्हतं.

मग रात्री उशिरापर्यंत आम्ही जुनी कार्टून्स बघत बसलो. लेक लहान असताना ती बघायची आणि मी स्वयंपाकघरातून अर्धं ऐकायचे. आता नीट बसून बघताना कितीतरी गोष्टी नव्याने कळल्या. तुमच्याकडेही असं झालं असेल, म्हणून हा धागा. तुमच्या घरी कोणतं लागतं? पहिल्यांदा कधी पाहिलंत? आणि इतक्या वर्षांनी बघताना काय सापडलं? सवडीने लिहा, सविस्तर लिहा.
(कोलंबस, ओहायो)

*

आमचं ‘चार्ली ब्राउन ख्रिसमस’. आम्ही १९८३च्या सप्टेंबरात आलो, मुलगा पहिलीत. तेव्हा हे वर्षातून एकदाच लागायचं. चुकलं की थेट पुढचा डिसेंबर. सीबीएस वाहिनीवर आधी काळ्या पडद्यावर रंगीत ‘स्पेशल’ हा शब्द गरगर फिरत यायचा आणि मागे जोरकस ठेका. तो ठेका ऐकू आला की मुलगा असेल तिथून धावत सुटायचा. मी पोळ्या करत असले तर गॅस बंद करून यायचं, हा त्याने घातलेला नियम होता.

मला त्या दिवसांत अमेरिकन टीव्हीवरचं इंग्रजी भराभर कळत नसे. प्रत्येक विनोदानंतर टेपवरचं हसू यायचं आणि आपल्याला का हसू आलं नाही, याने मी कानकोंडी व्हायचे. या कार्टूनमध्ये ते हसू नव्हतंच. मुलं हळू बोलायची, मध्येच थांबायची. मला सगळं कळलं. मागच्या वर्षी नातीबरोबर बघताना मुलाने सांगितलं की हे ठरवून केलं होतं. चार्ली ब्राउनची चित्रमालिका काढणाऱ्या चार्ल्स शुल्झनी टेपवरचं हसू घालायला साफ नकार दिला होता, आणि आवाजही मोठ्या नटांचे न घेता मुलांचेच घेतले. चार्लीच्या धाकट्या बहिणीचं, सॅलीचं, काम करणाऱ्या चिमुरडीला अजून वाचताही येत नव्हतं. तिला एकेक तुकडा सांगायचे, ती म्हणायची आणि मग ते तुकडे जोडायचे. आता ऐका, तिच्या बोलण्यातले ते सांधे कानाला जाणवतात. मला ते फार गोड वाटतात.

९ डिसेंबर १९६५ला ते पहिल्यांदा दाखवलं, त्याआधी वाहिनीच्या साहेबांना ते साफ पडणार असं वाटत होतं. संथ आहे, जॅझ कशाला, बायबल कशाला. त्या रात्री त्या वेळेला चालू असलेल्या जवळजवळ निम्म्या टीव्हींवर तेच लागलं होतं.

आणखी एक. चार्लीचा मित्र लायनस त्याचं पांघरूण कधी म्हणजे कधी सोडत नाही. आमच्या मुलाची साताऱ्याहून आईने पाठवलेली गोधडी अशीच होती, शाळेत नेऊ नको म्हणून रोज रडारड. शेवटी लायनस रंगमंचावर उभा राहून ल्यूकच्या शुभवर्तमानातल्या ओळी म्हणतो, त्यात देवदूत मेंढपाळांना ‘भिऊ नका’ म्हणतो ना, नेमक्या त्या शब्दाला त्याच्या हातून पांघरूण खाली पडतं. हे मला नातीने दाखवलं. मी तीन वेळा मागे नेऊन बघितलं. गोधडी अजून आहे, वरच्या कपाटात.
(एडिसन, न्यू जर्सी)

*

एडिसनच्या ताईंनी जॅझचा उल्लेख केला म्हणून लिहितो. विन्स ग्वाराल्डीचं ते संगीत मी आता पेटीवर वाजवतो. त्यातल्या ‘ख्रिसमस टाइम इज हिअर’ची मूळ चाल शब्दांविना होती. निर्माते ली मेंडेलसन यांना गीतकार मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःच एका पाकिटाच्या पाठीवर शब्द लिहून काढले. तेच गाणं आज डिसेंबरात इथल्या प्रत्येक दुकानात वाजतं.
(सॅन होजे)

*

मॅनिटोवॉकला नोकरीला होतो तेव्हाची आठवण. ‘चार्ली ब्राउन ख्रिसमस’मध्ये ल्यूसी ही मैत्रीण चार्ली ब्राउनला मोठं चकचकीत अॅल्युमिनियमचं झाड आणायला सांगते. ती झाडं या गावात बनायची. शेजारच्या आजींनी एक जपून ठेवलं होतं. धातूच्या झाडाला विजेच्या माळा लावल्या तर शॉक बसायची भीती, म्हणून खाली जमिनीवर एक दिवा ठेवायचा आणि त्याच्यापुढे रंगीत काचांचं चाक फिरायचं. झाड लाल, मग निळं, मग हिरवं होत राही. आपल्याकडे गणपतीच्या मखरामागे फिरणारं रंगीत चक्र असायचं, थेट तेच. कार्टूनमध्ये त्या झाडांकडे खोट्या दिखाव्याची खूण म्हणून बघितलंय, पण आजींच्या बैठकीत ते फिरताना मला तरी घरची आठवण झाली.
(विस्कॉन्सिन)

*

मी टोरोंटोत राहतो. ‘रूडॉल्फ’चे बहुतेक आवाज याच शहरात ध्वनिमुद्रित झाले, हे इथल्या लोकांनाही माहीत नसतं. रूडॉल्फला आवाज देणारी बाई होती, बिली मे रिचर्ड्स. पण नावांच्या पाटीवर ‘बिली रिचर्ड्स’ असंच आलं आणि लोकांना तो मुलगा वाटला.
(टोरोंटो)

*

आवाज कॅनडाचे, आणि बाहुल्या आमच्या जपानच्या!

मी टोकियोत बारा वर्षं आहे. ‘रूडॉल्फ’ काढणारी रँकिन-बास ही कंपनी न्यूयॉर्कची, पण ‘रूडॉल्फ’ची एकूण एक हालचाल तादाहितो मोचिनागा यांच्या टोकियोतल्या स्टुडिओत झाली. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायची. मोचिनागा युद्धानंतर काही वर्षं चीनमध्ये राहिले, तिथेही त्यांनी बाहुलीपट केले आणि १९५३ला परतले. नावांच्या पाटीवर त्यांचं नाव आहे, पण तिथे वाचायला कोण थांबतं? १९६९चा ‘फ्रॉस्टी’ हा हिममानवही टोकियोतच चितारला गेला, जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांनी सुरू केलेल्या मुशी प्रॉडक्शनमध्ये. ज्यांच्या घरी नाताळचा सण नव्हता अशा कारागिरांनी अमेरिकेचा नाताळ घडवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत माझं बालपण गेलं. बोटांनी काम करणाऱ्यांची नावं मूर्तीवर कधीच नसतात.
(टोकियो)

*

त्या बाहुल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. आमच्या अटलांटात सेंटर फॉर पपेट्री आर्ट्स म्हणून बाहुल्यांचं संग्रहालय आहे. तिथे रूडॉल्फ आणि सांता काचेच्या पेटीत आहेत. इतके लहान! रूडॉल्फ ओंजळीत मावेल. काम संपल्यावर कंपनीतल्या एका बाईंनी त्या घरी नेल्या, घरच्या मुलांनी खेळून खेळून रूडॉल्फचं नाकही हरवलं. पुढे २००६ साली त्या उजेडात आल्या, दुरुस्त झाल्या आणि २०२०च्या लिलावात जोडीला ३,६८,००० डॉलर आले. नंतर त्या या संग्रहालयाला देणगी म्हणून मिळाल्या. माझा मुलगा काचेला नाक लावून म्हणाला, “बाबा, हा दमलेला दिसतो.” मला तर नाक हरवण्याची गोष्टच आवडली. खेळणं होतं, मुलं खेळली.
(अटलांटा)

*

बरेच दिवस लिहावं की नाही ठरत नव्हतं.

१९७९ला मी नऊ वर्षांची होते. आम्ही शिकागोजवळच्या एका लहान गावात आलो आणि शाळेत माझ्यासारखी दिसणारी मी एकटीच. दोन तेल लावलेल्या वेण्या, डब्यात पोळीभाजीचा रोल. जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. डिसेंबरात ‘रूडॉल्फ’ लागलं. त्यात एक बेट आहे, नको असलेल्या खेळण्यांचं. चौकोनी चाकांची आगगाडी, ठिपकेवाला हत्ती, आणि एक बाहुली जिच्यात काही खोट दिसतच नाही, तरी ती तिथे आहे. मी आईला विचारलं, हिला का टाकलंय? आई म्हणाली, “तिला वाटतं ती टाकलेली आहे, म्हणून.” त्यानंतर आईने माझ्या वेण्यांवरून हात फिरवला, तो अजून आठवतो.

शेवटी सांता येऊन त्या सगळ्यांना घेऊन जातो. मागच्या वर्षी मला कळलं की १९६४ला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा हे दृश्य नव्हतंच! सांता कबूल करून जातो आणि परत येतच नाही. प्रेक्षकांनी पत्रं लिहिली. खेळणी तिथेच राहिली, हे चालणार नाही म्हणून. मग १९६५ला नवं दृश्य करून जोडलं. हे वाचलं त्या दिवशी मी ऑफिसात दार लावून रडले. कुठल्या कुठल्या गावांतले लोक एका आगगाडीसाठी आणि बाहुलीसाठी पत्र लिहायला बसले, आणि चौदा वर्षांनी ते दृश्य मला मिळालं.

मूळ गोष्टही शिकागोचीच. १९३९ला रॉबर्ट मे एका मोठ्या दुकानाच्या जाहिरात विभागात होते. दुकानात मुलांना फुकट वाटायला पुस्तिका हवी होती. घरी बायको कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली, ती त्याच वर्षी गेली. साहेबांनी काम दुसऱ्याला देतो म्हटलं, पण मे यांनी ते सोडलं नाही. लिहिलेलं चार वर्षांच्या मुलीला वाचून दाखवत त्यांनी पुस्तिका पुरी केली. पहिल्याच वर्षी २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. गाणं दहा वर्षांनी आलं, ते त्यांच्या मेव्हण्याने, जॉनी मार्क्सनी केलं.
(शिकागो)

*

शिकागोच्या ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत ते फार बरं केलंत.

मला एक खुपलेली गोष्ट सांगायची आहे. ‘चार्ली ब्राउन थँक्सगिव्हिंग’ १९७३चं. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला फ्रँकलिन हा कृष्णवर्णीय मुलगा एकटा बसलाय, बाकी सगळे समोर आणि कडेला. त्याची खुर्चीसुद्धा बागेतली मोडकी. लहानपणी मी हे दहा वेळा पाहिलं असेल. आता माझ्या मुलीने विचारलं, “तो एकटा का बसलाय?” आणि मला उत्तर देता आलं नाही.

फ्रँकलिन त्या चित्रमालिकेत कसा आला हेही सांगायला हवं. १९६८ला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झना पत्र लिहिलं की तुमच्या मुलांच्या घोळक्यात एक काळं मूल आणा. शुल्झना आधी भीती वाटली की आपण उपकार करतोय असं दिसेल. मग त्याच वर्षीच्या जुलैत फ्रँकलिन आला. त्याला गोऱ्या मुलांबरोबर शाळेत एकत्र दाखवू नका, असं सुचवणारं एका संपादकाचं पत्रही शुल्झना आलं, त्यांनी त्याला दाद दिली नाही. म्हणून मी हे कार्टून बंद केलं नाही. मुलीला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिने कागदावर ते टेबल काढलं आणि फ्रँकलिनशेजारी स्वतःला बसवलं.
(डेट्रॉइट)

*

ह्यूस्टनला बर्फ नाही, पण नाताळ चोरणारा ‘ग्रिंच’ आहे. १९५७चं मूळ पुस्तक मुलांना वाचून दाखवताना त्यांचा विश्वासच बसेना, कारण त्यात तो हिरवा नाहीच! काळ्या-पांढऱ्या रेघा आणि लालसर छटा. १९६६ला टीव्हीसाठी करताना चक जोन्सनी त्याला हिरवा केला आणि तो कायमचा हिरवा झाला. गोष्ट सांगणारा आवाज बोरिस कार्लॉफचा, भयपटांतला राक्षस म्हणून गाजलेला माणूस. पण गाण्यातला तो खर्ज त्याचा नाही. तो थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टचा, जाहिरातीतल्या टोनी वाघाचा आवाज. त्याचं नाव चुकून पाटीवर राहून गेलं आणि सगळ्यांना कार्लॉफच गातोय असं वाटलं. मूळ पुस्तकाचे लेखक डॉ. स्यूस यांनी मग वर्तमानपत्रांतल्या स्तंभलेखकांना पत्रं लिहून गायकाचं नाव सांगितलं. वरती टोकियोच्या दादांनी मूर्तिकारांबद्दल लिहिलंय, म्हणून हे आठवलं.
(ह्यूस्टन)

*

कार्टून नाही, पण चालेल ना? न्यूयॉर्कला डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीवर नाताळला नुसती शेकोटी दाखवायचे. गोष्ट नाही, माणसं नाहीत, लाकडं जळताहेत आणि गाणी चालू. १९६६ला महापौरांच्या निवासस्थानी, ग्रेसी मॅन्शनमध्ये, चित्रीकरण झालं होतं, आणि सगळी फिल्म फक्त १७ सेकंदांची, पुन्हा पुन्हा फिरवलेली. ठिणगी उडून तिथला गालिचा जळला, म्हणून पुढे परत चित्रीकरणाला परवानगी मिळाली नाही! क्वीन्समधल्या आमच्या एका खोलीत हीटर बंद पडला त्या नाताळला बाबांनी ही लावली आणि आम्ही तिघं पांघरुणं घेऊन समोर बसलो. खरं सांगते, ऊब आली.
(क्वीन्स, न्यूयॉर्क)

*

जर्मनीत ३१ डिसेंबरला ‘डिनर फॉर वन’. १९६३ला हॅम्बुर्गला इंग्रजीत चित्रित केलेला अठरा मिनिटांचा प्रवेश. नव्वदीच्या बाईंच्या वाढदिवसाला बोलावलेले चारही मित्र केव्हाच वारलेत आणि बटलर प्रत्येकाच्या वतीने पेला रिचवतो. वाघाच्या कातड्याच्या डोक्याला तो किती वेळा अडखळतो, हे आम्ही घरात मोठ्याने मोजतो. अकरा. यंदा पहिल्यांदाच सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. सगळे हसत होते आणि सासूबाई मात्र त्या चार रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होत्या. सासरे मार्चमध्ये गेले. प्रवेश संपल्यावर म्हणाल्या, “बाईने पानं मांडायची सोडली नाहीत, हे बरं केलं.” दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी एक पान जास्त घेतलं. कुणी काही बोललं नाही.
(म्युनिक)