गावातल्या व्हिलांवर ग्रामपंचायतीनं रात्रीमागे कर लावावा का?

अष्टागरातला: अलिबाग तालुक्यात आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या आळीला लागून सात व्हिला उभे राहिले, मालक सगळे बाहेरचे, शनिवारी एकेका घरात वीस-वीस माणसं उतरतात. मे महिन्यात स्विमिंग पूल भरायला त्यांचे बोअरचे पंप रात्रभर चालतात आणि आमच्या विहिरीचं पाणी आता मचूळ लागतं, आजोबांपासून याच पाण्यावर वाडीचं शिंपणं होत आलंय, आणि यंदा लावलेल्या पोफळीच्या रोपांची पानं टोकापासून करपत चाललीत. पंचायतीत जाऊन नमुना ८, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, बघितली तर सातपैकी पाच घरांचा वापर 'निवासी'! म्हणजे जी घरपट्टी मी राहत्या घराची भरतो त्याच दरानं हे भरतात. माझं म्हणणं एवढंच, मालक स्वतः राहत नाही आणि अख्खं घर रात्रीच्या हिशोबानं भाड्यानं जातं तिथं व्यावसायिक घरपट्टी लावा, वर खोलीमागे रात्रीचा कर घ्या आणि तो पैसा पाणी आणि कचऱ्यालाच वापरा. माथेरानला नगरपरिषद माणशी कर घेतेच की, लोक जायचे थांबले का?

पुणेकर_व्हिलावाला: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझा व्हिला आहे तिकडे, कर्ज काढून बांधलाय, वीजमीटर कमर्शियल आहे. केअरटेकर नवरा-बायको गावातलेच, मासळी गावातूनच, माळीही तिथलाच. बुकिंग ॲपवरून येतं, मी जीएसटी नोंदणीत नसलो तरी ॲप गिऱ्हाइकाकडून जीएसटी कापून भरतंच. आता वर अजून पंचायतीचा कर, कशाच्या बदल्यात? कचऱ्याची गाडी आमच्या बोळात येत नाही, मी महिन्याला पैसे देऊन माणूस लावलाय.

अष्टागरातला: गाडी येत नाही कारण पंचायतीकडे डिझेलला पैसे नाहीत, तेच तर सांगतोय. जीएसटी केंद्राला आणि राज्याला जातो, कचरा मात्र आमच्या गावात पडतो. रविवारी संध्याकाळी या एकदा, कुत्र्यांनी फाडलेल्या पिशव्या आणि थर्माकोलच्या प्लेटी पार शाळेच्या फाटकापर्यंत पसरलेल्या असतात.

दोन_खोल्यांची_ताई: मी या दोघांशीही सहमत नाही. मी आणि सासूबाई मिळून घरातल्या दोन खोल्या देतो, राज्य सरकारच्या निवास न्याहारी योजनेत रीतसर नोंद आहे, त्यावर धाकट्याचं कॉलेज चाललंय. मला भीती कर भरायची नाही हो, भीती याची की नियम व्हिलासाठी म्हणून होतील आणि पहिली नोटीस माझ्या दारावर लागेल, कारण मी घरी सापडते. व्हिलाचा मालक मुंबईत, नोटीस घ्यायला केअरटेकर, तो म्हणणार साहेबांना विचारतो. आधी कोणाला सूट ते लिहून काढा, मग कर लावा.

क्वीन्समधून: न्यूयॉर्कला हेच झालं. ५ सप्टेंबर २०२३ पासून तिथला लोकल लॉ १८ अमलात आला, तीस दिवसांपेक्षा कमी भाड्यानं द्यायचं तर शहराकडे नोंदणी, यजमान घरातच राहायला हवा आणि पाहुणे फार तर दोन. सूटकेसवाले पर्यटक कमी झाले हे खरं, पण आमच्या बिल्डिंगचं भाडं काही उतरलं नाही, आणि एक खोली देऊन हप्ता भरणारी शेजारीण अडकली. बार्सिलोनाचे महापौर तर २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांना भाड्यानं जाणाऱ्या १०,१०१ फ्लॅटचे परवाने संपवणार म्हणतायत. मला बंदी पटत नाही. पण नोंदणी नंबर नसेल तर ॲपनं बुकिंगच घ्यायचं नाही, ही तिथली गोष्ट आपल्याकडे हवीच, नाहीतर पंचायतीचा शिपाई दारोदार किती फिरणार?

अष्टागरातला: ताई, तुमचं बरोबर आहे, मालक घरात राहतो आणि दोन-तीन खोल्या देतो त्याला या करातून पूर्ण सूट, मी ठरावाच्या मसुद्यात हेच पहिलं वाक्य लिहितो. बंदी मलाही नकोय, गावातल्या पोरांना काम मिळतंय ते दिसतंय मला. पण पाण्याचं काय? पंपाला मीटर बसवा, ठरावीक पाण्याच्या वर गेलं की दर दुप्पट, पूलवाल्यांना एवढं सहज झेपेल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय ठेवतोय. पुणेकर, घर आमच्या भागातलं असेल तर तुम्हीही या.

पुणेकर_व्हिलावाला: पंप मीटरला माझी ना नाही, रात्रीच्या कराला आहे. येईन मी. पण माझं मतदार यादीत नाव पुण्यात, ग्रामसभेत बसायचा हक्क गावच्या मतदाराला. कर माझ्यावर लावणार आणि मला बोलू देणार नाही, याचं काय करायचं ते आधी सांगा.