पहिली लष्करी रायफल: इशापूरची थ्री नॉट थ्री घेताना काय पाहावे?

नवा_संग्राहक

वय २०, ग्रीन कार्ड आहे, राहतो ओहायोत. संग्रहाची सुरुवात भारतीय सैन्याशी नाते असलेल्या रायफलीने करायची आहे. एका विक्रेत्याकडे इशापूरच्या (बंगालमधल्या सरकारी कारखान्यातल्या) दोन आहेत. एक १९४२ ची नं. १ मार्क ३* (थ्री नॉट थ्रीचे एक मॉडेल), पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली. दुसरी १९६७ ची टू-ए-वन. तारेची दुर्मिळ आहे म्हणून तिची किंमत बरीच जास्त सांगतोय. कोणती घ्यावी? नळीत काय पाहायचे? कधीतरी रेंजवर चार गोळ्या झाडायचीही इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

दस्ता_आणि_नळी

तारेसाठी जास्त पैसे देऊ नकोस. अशा रायफलींच्या तोंडावर कप बसवून ग्रेनेड फेकत असत. त्या धक्क्याने लाकूड फुटू नये आणि नळी फुटलीच तर हात वाचावा, म्हणून ही तार. म्हणजे या रायफलीने साध्या रायफलीपेक्षा कितीतरी जास्त मार खाल्लेला असू शकतो. इशापूरच्या तारवाल्या रायफली अमेरिकेत पुष्कळ आल्या आहेत, दुर्मिळ वगैरे काही नाही. भिंतीवर छान दिसेल, पण झाडायची असेल तर ही पहिली निवड नव्हे.

टू-ए-वन म्हणजे जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केलेली रायफल, असे बरेच जण सांगतात. ते चूक आहे. ती ७.६२ नाटोसाठी नव्याने, अधिक चांगल्या पोलादात बनवलेली आहे. चौकोनी मॅगझिनवरून लगेच ओळखू येते. बाजारातल्या .३०८ आणि ७.६२ नाटो काडतुसांचे बाहेरचे माप सारखे, पण दोन्हींच्या चेंबरची (नळीत काडतूस बसते त्या जागेची) मोजमापे वेगळी. तेव्हा हिच्यात ७.६२ नाटोच वापर.

तरी माझे मत: थोडा थांब आणि तार नसलेली, जुळत्या क्रमांकांची (सर्व भागांवर एकच क्रमांक असलेली) मार्क ३* शोध. इशापूरची मिळाली तर सोन्याहून पिवळे. मात्र लाकूड कापून शिकारी रायफल केलेली, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत गेलेली असते आणि मूळचे लाकूड व लोखंडी भाग गोळा करण्यात रायफलीइतकेच पैसे जातात.

गेजवाला

विक्रेत्यासमोर या क्रमाने पाहा. आधी रायफल रिकामी आहे ना, ते स्वतः तपास. मग बोल्ट काढ आणि नळीतून कोरडे फडके फिरवायला सांग. ही पायरी गाळू नकोस, कारण तेलाच्या थराखाली गंजाचे खड्डे दिसत नाहीत. चेंबरच्या बाजूने उजेड धरून तोंडाकडून बघ. नळीतल्या पिळदार खाचांच्या कडा धारदार हव्यात. थोडा करडेपणा चालेल, पण आत गडद कडे दिसले तर नळी तिथे फुगलेली आहे. सरळ परत ठेव.

नळीचे तोंड नीट न्याहाळ. सैन्यात नळी दोरीने ओढून साफ करत. दोरी तिरकी ओढली की तोंडाची एक बाजू घासली जाते आणि भोक किंचित लांबट होते. अशी रायफल आतून चकचकीत असली तरी नेम धरत नाही.

क्रमांक रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर), नळीच्या बुडाशी, बोल्टच्या दांड्यामागे, मागच्या साइटच्या पट्टीखाली आणि पुढच्या टोपीवर असतात. टोपीचा जुळला नाही तर मी फारसे मनावर घेणार नाही. बोल्टचा जुळलाच पाहिजे, कारण बोल्टचे खांदे त्या-त्या रिसीव्हरला घासून बसवलेले असतात.

झाडण्यापूर्वी बंदूक-मिस्त्रीकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घे. थ्री नॉट थ्रीत .०६४ इंचाच्या गेजवर (मापाच्या ठोकळ्यावर) बोल्ट बंद व्हावा, .०७४ वर होता कामा नये. जागा जास्त असेल तर काडतुसाचे पितळ ताणले जाते, बुडापाशी तुटते आणि गरम वायू मागे, झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो. अंगावर 'डीपी' ठोकलेली रायफल कवायतीची, ती झाडायचीच नाही. मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा आणि नळी आतून गुळगुळीत असेल, तर ती पहारेकऱ्यांसाठी केलेली .४१० ची मस्केट.

नवा_संग्राहक

दोघांचेही आभार. विक्रेता म्हणतो, तुझ्या वयाला तपासणीत वेळ जातो, वडिलांच्या नावावर घे. चालेल का?

गेजवाला

अजिबात नाही. डीलरकडे भरायच्या फेडरल फॉर्म ४४७३ वर खरा खरेदीदार कोण, हे स्पष्ट विचारलेले असते. पैसे तुझे आणि सही वडिलांची, हा फेडरल गुन्हा आहे. १८ पूर्ण झाल्यावर डीलरकडून रायफल स्वतःच्या नावावर घेता येते. २०२२ च्या कायद्यामुळे २१ खालच्यांची जादा तपासणी होते, फार तर कामकाजाचे १० दिवस. तेवढे थांब. २१ झालास की संग्राहकांचा 'क्युरिओ अँड रेलिक' परवाना काढ, तीन वर्षांना ३० डॉलर. वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी: एफ-१ किंवा एच-१बी वर असाल तर नियम पूर्ण वेगळे आहेत, शिकारीचा वैध परवाना वगैरे अपवादात बसत नसाल तर हात लावू नका. आणि ही रायफल पुढे भारतात नेऊ, असे मनात असेल तर ते सोडून द्या.

जवसतेल

घरी आणल्यावरच्या दोन गोष्टी राहिल्या.

दस्ता सैल वाटला म्हणून मागून लांब पेचकस घालून दस्त्याच्या आतला बोल्ट (दस्ता आवळणारा लांब स्क्रू) फिरवू नकोस. नं. १ मध्ये त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला की ते मागच्या टोकाला उभे चिरते. आधी मॅगझिन, मग टोपी, पट्ट्या, ट्रिगर गार्ड, मग पुढचे लाकूड खाली ओढून काढ, आणि त्यानंतरच दस्त्याकडे वळ. पेचकस खाचेत घट्ट बसणारा, सपाट घासलेला हवा. हार्डवेअरच्या दुकानातला निमुळता पेचकस स्क्रूची डोकी खातो.

लाकडाला सँडपेपर आणि व्हार्निश बंद. ठोकलेले शिक्के आणि वापराच्या खुणा हाच त्या रायफलीचा इतिहास, तो एकदा घासला की गेला. जुना चिकट ग्रीस मिनरल स्पिरिटने उतरव, मग जवसाच्या कच्च्या तेलाचा अगदी पातळ हात, तळहाताने चोळून. सैन्यातही हेच तेल लावत.

जुनी लष्करी काडतुसे वापरलीस तर त्याच दिवशी नळीतून उकळते पाणी ओत. त्यांच्या प्रायमरमधून क्षार मागे राहतो, तो तेलात विरघळत नाही आणि दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. नळी कोरडी कर आणि मग तेल लाव.