‘काटा वाचता आला नाही: सक्सेस’. सिस्टीम कॉल फसला तर सी प्रोग्रॅमनं कारण किती सांगावं?

काट्यावरचा
गेल्या हंगामातली गोष्ट. साखर कारखाना जिल्ह्यातलाच, नाव घेत नाही. रात्री दीडला काट्यावरच्या पोराचा फोन: “दादा, स्क्रीनवर आलंय ‘काटा वाचता आला नाही: सक्सेस’. म्हंजे झालं का न्हाई झालं?” मागं ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आणि एकजण काटामारी चाललीय म्हणून बोंब मारायला लागलेला. उद्यमनगरातनं गाडी काढली, थंडीत कुडकुडत गेलो. इंडिकेटरच्या मागची सिरियल वायर सैल झालेली. स्क्रू आवळला, दोन मिनिटांचं काम.

प्रोग्रॅम माझाच, सीमधला. पोर्टला व्हीमिन (किमान बाइट) शून्य आणि व्हीटाइम (थांबायचा वेळ, सेकंदाच्या दहाव्या भागात) वीस लावलेलं. म्हणजे दोन सेकंदांत एकही बाइट आला नाही तर रीड हा सिस्टीम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडं (कर्नलकडं) केलेली मागणी, शून्य परत देतो. ती एरर नव्हेच, एरर म्हणजे उणे एक. मी दोघांना एकाच पोत्यात घातलं होतं: शून्य किंवा कमी आलं की परएरर, म्हणजे एररचा मजकूर छापणारं फंक्शन. एरनोला, म्हणजे शेवटच्या एररचा नंबर राहतो त्याला, कुणी हात लावलेला नव्हता, तो शून्य, आणि शून्याचा मजकूर ‘सक्सेस’. शेतकऱ्यानं त्यातनं काय समजायचं?

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कॉल फसला तर प्रोग्रॅमनं चार गोष्टी बोलल्याच पाहिजेत: काय करत होतो, कोणत्या फाइलवर किंवा पोर्टवर, कर्नल काय म्हणाला, आणि शोधता येत असेल तर का. नुसतं ‘पर्मिशन डिनाइड’ म्हणजे दारावर ‘आज बंद’ अशी पाटी.

शिरोली नाका
भावा, चूक तुझी, बिल परएररच्या नावावर. शून्य आणि उणे एक वेगळे तपासले असतेस तर धागाच निघाला नसता.

आणि ते ‘का’ प्रकरण नको. प्रत्येक ओपन, रीड, कनेक्टच्या मागं दहा-दहा ओळींचं कीर्तन लावलं तर मूळ काम काय चाललंय ते कुणाला दिसणार? फाइलचं नाव आणि स्ट्रएरर (एरर नंबरचा मजकूर), झालं. पुढचं बघायला एसट्रेस आहे की, प्रोग्रॅमचा प्रत्येक सिस्टीम कॉल दाखवतो.

काट्यावरचा
चूक माझीच, मान्य. पण रात्री दीडला त्या पोरानं एसट्रेस चालवायचा? त्याला माउसचं उजवं बटण सांगताना माझा घाम निघतो.

सी शिकवतो
नाक्यावरच्या साहेबांचं ‘पुढचं एसट्रेसवर बघा’ हे घरात बसून ठीक. तो कर्नलचं उत्तर दाखवतो, पण कर्नलचं उत्तरच कधी अर्धं असतं. मुलांना हे मी दरवर्षी दाखवतो. कुणीतरी विंडोजच्या नोटपॅडमध्ये शेल स्क्रिप्ट लिहून आणतं. एलएसला फाइल दिसते, परवानगी बरोबर, चालवली की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. पोरं डोळे चोळतात. पहिल्या ओळीत इंटरप्रिटरच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नावाला कॅरेज रिटर्न, म्हणजे विंडोजचं ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह, चिकटलेला असतो. त्या चिकटलेल्या नावाचा इंटरप्रिटर कर्नलला सापडत नाही, म्हणून प्रोग्रॅम चालवणारा एक्झेकव्ही ईनोएंट, म्हणजे ‘अशी फाइल नाही’ हा एरर, देतो. नाही ती फाइल दुसरीच, आणि कर्नलच्या उत्तरात तिचं नाव येत नाही. एसट्रेसमध्येही तुमच्याच स्क्रिप्टचा मार्ग आणि ईनोएंट, एवढंच.

असं तपासून सांगणारी लिबएक्सप्लेन नावाची लायब्ररी आहे. ओपन फसला तर ती मार्गातला एकेक भाग चालत जाते आणि नेमकी कोणती डिरेक्टरी नाही ते सांगते. कीर्तन एकदा लायब्ररीत लिहायचं, आपल्या कोडात एक ओळ.

शिरोली नाका
सर, लायब्ररीचंच भ्या वाटतं. कॉल फसला त्या क्षणी जग वेगळं होतं, तुम्ही पुन्हा तपासायला जाता तेव्हा वेगळं. मधल्या मिलिसेकंदात दुसऱ्या प्रोसेसनं ती डिरेक्टरी बनवली असेल तर तुमची लायब्ररी सांगणार सगळं ठीक आहे. मग ‘उघडता आली नाही, कारण सगळं ठीक आहे’ असं छापणार काय?

दुसरं. परवानगी तपासायला लोक ॲक्सेस हा कॉल वापरतात. तो खऱ्या यूजरच्या नावानं बघतो, इफेक्टिव्ह यूजरच्या नाही. सेटयूआयडी प्रोग्रॅमात (जो चालवणाऱ्याऐवजी फाइलच्या मालकाच्या हक्कानं चालतो) दोघं वेगळे. मग निदान ठाम आणि चुकीचं. न सांगितलेलं परवडलं, ठाम खोटं नको.

गुळाचा रवा
मी प्रोग्रॅमर नाही, मार्केट यार्डात हिशेबाची मशिनं सांभाळतो. आमच्याकडं एका जुन्या प्रोग्रॅमात प्रत्येक पावतीची वेगळी फाइल पडायची. एक दिवस ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) बघितलं तर निम्मी डिस्क मोकळी. दोन दिवस डिस्क खराब म्हणून बोंबललो, नवीन आणायला निघालो होतो. कॉलेजातल्या एका पोरानं डीएफला उणे आय लावून दाखवलं, तर आयनोड शंभर टक्के भरलेले. म्हणजे जागा होती, खातं उघडायला वहीतलं पान शिल्लक नव्हतं. हे मशिननं मला सांगितलं असतं तर तिचं काय गेलं असतं?

सी शिकवतो
रवासाहेब, तुमचं उदाहरण वर्गात वापरणार. ईएक्सटी ४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये आयनोड डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतात, एरवी साधारण १६ किलोबाइटला एक. ८ जीबीच्या पार्टिशनवर सव्वापाच लाखांच्या आसपास. पावत्या एकेक केबीच्या असतील तर जागा संपायच्या कितीतरी आधी आयनोड संपतात. दोन्हीला एरर एकच, ईनोस्पेस, २८.

फाइलींतले बदल कळवणाऱ्या इनोटिफायवर एखाद्या यूजरच्या वॉचची (किती फाइलींवर नजर ठेवायची त्याची) मर्यादा संपली तरी हाच ईनोस्पेस येतो. तिथं डिस्कचा काही संबंधच नाही.

शिरोली नाका
हे पटलं. पण यातनं उलटंच सिद्ध होतं बघा. एका एररमागं तीन कारणं असतील तर प्रोग्रॅमनं एक निवडून छापणं म्हणजे चिठ्ठी टाकणं. त्यापेक्षा आकडे द्यावेत: मोकळी जागा इतकी, मोकळे आयनोड इतके. स्टॅटव्हीएफएस एका कॉलमध्ये दोन्ही देतो. कारण वाचणाऱ्यानं ठरवावं.

काट्यावरचा
आता कसं, गाडी रुळावर आली. आकडे छापा म्हणजे माझ्या ‘का’चं निम्मं काम झालंच की. तपासताना जग बदललेलं असू शकतं, हेही मी मान्य करतो. म्हणून दोन ओळी वेगळ्या ठेवाव्यात. पहिलीत कर्नलचं उत्तर, जसंच्या तसं. दुसरीत ‘नंतर तपासलं तेव्हा असं दिसलं’. दोघांची सरमिसळ नको.

आणि पहिल्या ओळीसाठी एरनो लगेच बाजूला काढून ठेवा, बाकी सगळं नंतर. आधी फाइल क्लोज केली, लॉगात एफप्रिंटएफ केलं आणि मग एरनो वाचला, तर तोवर तो बदललेला असू शकतो. काट्यावर पोर्टची परवानगी गेलेली असताना स्क्रीनवर ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ आलेलं मी बघितलंय. मधल्या लॉगिंगमध्ये लॉगच्या साध्या फाइलवर कुणीतरी आयसॅट्टी (हे टर्मिनल आहे का) विचारलं होतं, त्याचा २५ नंबर मागं राहिला. त्या एका ओळीपायी पोर्टच्या सेटिंग्जशी आख्खी दुपार झगडलो.

शिरोली नाका
यावर वाद नाही. उलट भर घालतो: नुसता नंबर छापू नका. ईअगेन (‘पुन्हा प्रयत्न कर’) हा एरर लिनक्सवर ११, मॅकवर ३५. आणि स्ट्रएररचा मजकूर लोकॅलप्रमाणं (भाषेच्या सेटिंगप्रमाणं) बदलतो, लॉग एका भाषेत, शोधायचं दुसऱ्या भाषेत. नाव छापा. लिनक्सची सी लायब्ररी जीलिबसी, तिच्या २.३२ पासून, म्हणजे २०२० पासून, स्ट्रएररनेम एनपी आहे, तो सरळ ‘ईनोएंट’ असं नाव देतो. पीथ्रेडच्या (थ्रेड चालवणाऱ्या) फंक्शनांना तर एरनो विचारूच नका, ती एरर परत दिलेल्या किमतीतच देतात. तिथं परएरर लावणारे मी बघितलेत, त्यांनाही ‘सक्सेस’च मिळतं.

गुळाचा रवा
तुमचं नाव-नंबर चालू द्या. माझा साधा प्रश्न: काट्यावरच्या पोराला ‘ईनोएंट’ म्हणजे काय कळणार?

काट्यावरचा
त्याला एक ओळ मराठीत, मोठ्या अक्षरात. बाकी लॉगात, माझ्यासाठी. आता माझ्याकडं असं येतं:

“वजन आलं नाही. पोर्ट यूएसबी-शून्य उघडा आहे, पण २ सेकंदांत एकही बाइट आला नाही. इंडिकेटरची वायर बघा. पावती निघालेली नाही.”

शेवटचं वाक्य काटामारी म्हणणाऱ्यांसाठी. त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झालाय.

शिरोली नाका
‘वायर बघा’ हा अंदाजच की. इंडिकेटरची पॉवर गेली तरी बाइट येणार नाहीत. बॉड रेट (पोर्टचा वेग) चुकला तर येतील, पण कचरा येईल, तो वेगळा मेसेज.

काट्यावरचा
बरं, ‘वायर आणि इंडिकेटरची पॉवर बघा’ केलं. आता ओळ स्क्रीनवर मावत नाही, ‘पावती निघालेली नाही’ खाली जातंय. फॉन्ट बारीक करू म्हणतोय तर पोरगं म्हणतं, रात्रीचं दिसत नाही.