मदत हवी आहे: २०१७ची जुनी बोलेरो पिकअप घ्यावी का?

नमस्कार मंडळी. ओतूरजवळ शेती आहे, मुख्य पीक टोमॅटो. नारायणगाव मार्केटला क्रेट पोचवायला दरवेळी गाडी शोधावी लागते, आणि बाजार तेजीत असला की नेमकी मिळत नाही. म्हणून स्वतःचीच करावी म्हणतोय. घरचा माल सांभाळून माळशेजमार्गे कल्याण-वाशीचं एखादं भाडंही मारता येईल.

आळेफाट्याला एक बघितली. बीएस४ (धुराच्या प्रदूषणाचा जुना निकष), दुसरा मालक, मीटरवर १ लाख ४० हजार किमी. मागणी ४ लाख ६०, सव्वाचारपर्यंत येईल असं वाटतं. पण आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. मागे स्प्रिंगचा एक जादा पाटा टाकलाय. हौद्याला ताजा रंग आणि पेडलचे रबर मात्र पार गुळगुळीत! आरसीवर फायनान्सचा बोजा अजून आहे. मालक म्हणतो, कर्ज कधीच फिटलंय.

भाऊ म्हणतो, हप्त्यावर नव्या निकषाची बीएस६ घे. आमच्या फिटरला सेन्सरवाल्या गाड्यांचं फारसं कळत नाही, म्हणून माझा ओढा जुनीकडेच. काय करू?

घाटकरी: मीटर विसरा, तो फिरवता येतो. सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट करायला लावा. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा. धूर भसाभस येत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन कामाला आलंय. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. जादा पाटा पिकअपला सगळेच टाकतात, त्याने बिचकू नका. पण म्हणजे ओव्हरलोड मारलाय, तेव्हा पाट्यांच्या हँगरपाशी चासीला (गाडीच्या खालच्या सांगाड्याला) वेल्डिंग किंवा तडा आहे का, खाली शिरून बघा. ताजा रंग तिथेही असेल तर सरळ निघून या.

कागदवाला: फायनान्सची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनच्या वर एक रुपया देऊ नका. गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म नंतर. ८ वर्षं उलटलीत, म्हणजे पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आता दरवर्षी, वर पर्यावरण कर. २०१९च्या आधीची गाडी आहे, एचएसआरपी (सुरक्षित नंबर प्लेट) बसवलीय का तेही बघा. आणि गाडीचा नंबर टाकून ई-चलान तपासा. वाशीच्या फेऱ्या मारलेल्या गाडीवर बरंच काही निघतं.

धागाकर्ता: आभारी आहे. रविवारी सकाळी सहाला जातोय, गाडी आधी चालू करू नका असं सांगून ठेवलंय. घाटात रिकामी चालवून बघू की माल टाकून?

घाटकरी: माल टाकूनच. रिकामी गाडी कुठलीही ओढते. चढाला क्लच घसरतो का, टेम्परेचरचा काटा वर जातो का ते बघा. मालक घाटात न्यायला नाही म्हणाला तर किंमत विचारूच नका.