मदत हवी आहे: जुन्या कॅमेऱ्यातले ४३०० फोटो आणि सगळ्यांवर तारीख जानेवारी-फेब्रुवारी २००७

लिंबाखालचा:

नमस्कार मंडळी. एरवी नुसतं वाचत असतो, आज अडलोय म्हणून लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्याकडे कॅननचा पॉवरशॉट ए ५७० आयएस आहे. २००७ चं मॉडेल, ७.१ मेगापिक्सेल, ४ पट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालतो. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून घेतला आणि अजून चालू आहे, कोपऱ्यांवरचा रंग तेवढा गेलाय. घरात आता तीन मोबाईल आहेत पण गड्ड्याला (म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेला), हुरड्याला, हिप्परग्याच्या तळ्यावर जाताना खिशात हाच. एकतर सेल संपले तर कुठल्याही दुकानात मिळतात, आणि दुसरं म्हणजे ह्याला डोळा लावून बघायची खिडकी आहे. मे महिन्यात दुपारी बाराला सोलापुरात मोबाईलच्या स्क्रीनवर काय दिसतं ते इथल्या लोकांना सांगायला नको, स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसतं.

आता घोळ ऐका. ह्या कॅमेऱ्यात मोठ्या सेलशिवाय अजून एक बटणासारखा बारका सेल असतो, घड्याळ चालू ठेवायला. तो माझा २०१५ च्या सुमारास मेला. तेव्हापासून पेन्सिल सेल बदलले की तारीख परत १ जानेवारी २००७, रात्रीचे बारा. कॅमेरा बिचारा चालू होताना विचारतो तारीख घाला म्हणून, मी दर वेळी बटण दाबून पुढे जायचो, फोटो महत्त्वाचा, तारखेचं काय. चूक शंभर टक्के माझी आहे, त्यावरून बोलणी घरात खाऊन झालीत, इथे नकोत.

आता आईची पंचाहत्तरी आहे तीन आठवड्यांनी. धाकट्या भावाने ठरवलं की छापील अल्बम करायचा, सालवार. आणि माझ्या ४३०० फोटोंना सालच नाही. कॉम्प्युटरवर तारखेने लावले की गड्ड्यातला पाळणा, त्याच्या शेजारी आमरसाची पंगत, त्याच्या शेजारी गणपती, सगळं एकाच आठवड्यात.

नमुन्याला सहा टाकतोय:

१. आमच्या मागाच्या शेडमधला, पूर्वभागात चार माग होते, नंतर विकले. धोटा हातात घेतलेले वडील.
२. गड्ड्याच्या जत्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक, बाराबंदी घातलेले मानकरी. हात हलला माझा, पण मला हाच आवडतो.
३. आई उखळात शेंगाची चटणी कुटतेय.
४. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी, लांबून, संध्याकाळी.
५. अंगणातली फरशी. ह्यावर नुसत्या चंद्रासारख्या कोरीच कोरी दिसतात, नखाएवढ्या. कुणी काढला, का काढला माहीत नाही, पुतण्याचा उद्योग असणार.
६. गल्लीतले सगळे गच्चीवर ताटं वाजवताना.

तर प्रश्न असा की खऱ्या तारखा परत मिळवायचा काही मार्ग आहे का? का नुसतं अंदाजपंचे लावू?

कडकभाकरी:

का बे, २ नंबरचा फोटो मोठा करून टाक की! हललाय म्हणूनच तर मिरवणूक चालतेय असं वाटतंय. आजकाल मोबाईल रात्रीचा दिवस करून ठेवतो, ह्यात अंधार अंधारासारखा आहे. बाकी तारखेचं मला कळत नाही, मी फक्त फोटो बघायला आलो.

सातरस्ता:

असले जुने डबे आता कॉलेजची पोरं शोधत फिरतात, सीसीडी सेन्सरचे रंग वेगळे येतात म्हणून. विकणार असाल तर सांगा. मदत नाही, पण ३ नंबरचा बघून भूक लागली.

लिंबाखालचा:

विकणार नाही ओ. आणि सीसीडीची जादू वगैरे मला तरी फार पटत नाही, अर्धी जादू फ्लॅशची आहे आणि अर्धी आपण तेव्हा बारीक होतो त्याची. कुणी तारखेचं बोलेल का?

रीळवाला:

बोलतो. आधी एक सांगा, फाइलींची नावं बदललीत का? ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे, तशीच आहेत ना? बदलली नसतील तर निम्मं काम झालं. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं तरी मोजणी चुकत नाही. फाइल नंबर ‘कंटिन्युअस’वर ठेवला असेल तर सेल बदला, कार्ड रिकामं करा, आकडा पुढेच जातो. म्हणजे तारीख विसरा, सगळे फोटो आकड्याने लावा. कोणता आधी कोणता नंतर हे लगेच कळेल.

फक्त एक खोच आहे. मध्येच दुसऱ्याचं कार्ड घातलं असेल आणि त्यावर मोठ्या आकड्याचे फोटो असतील तर कॅमेरा तिथून पुढे मोजायला लागतो. तेव्हा आकड्यात मोठी उडी दिसली तर घाबरू नका, फोटो हरवलेले नाहीत.

लिंबाखालचा:

नावं तशीच आहेत, देवाची कृपा आणि माझा आळस. उडी एक आहे, २१०० वरून एकदम ५६०० वर. हां आठवलं, मेव्हण्याच्या लग्नात त्याचं कार्ड घातलेलं, त्याच्याकडे पण कॅननच आहे. पण हा नुसता क्रम झाला, साल कसं काढू?

रीळवाला:

आता खरी गंमत. तुमचं घड्याळ चुकीचं होतं पण बंद नव्हतं. सेल घातले की ते १ जानेवारीपासून निघायचं आणि पुढचे सेल काढेपर्यंत बरोबर चालायचं. म्हणजे एका सेलजोडीत काढलेले सगळे फोटो सारख्याच फरकाने चुकलेत. आकड्याने लावलेली यादी घ्या, तारीख जिथे जिथे मागे उडी मारून १ जानेवारीला जाते तिथे रेघ ओढा. दोन रेघांमधला एक गठ्ठा. त्या गठ्ठ्यातल्या एका, फक्त एका फोटोची खरी वेळ कळली की अख्खा गठ्ठा जागेवर बसतो.

आणि तुम्ही स्वतःच ६ नंबरला तसा फोटो टाकलाय! ताटं वाजवली ती २२ मार्च २०२०, रविवार, संध्याकाळी पाच. ह्याहून चांगली खूण कुठे मिळणार, अख्ख्या देशाने मिनिट लावून दिलेलं. त्या फोटोवर कॅमेऱ्याची वेळ काय आहे ती द्या.

लिंबाखालचा:

३ जानेवारी २००७, पहाटे २ वाजून १२ मिनिटं. आमच्या गल्लीत पाचला सुरू झालं आणि हा काढला तेव्हा दोनेक मिनिटं झाली असतील.

रीळवाला:

म्हणजे ५ वाजून २ मिनिटं धरू. फरक आला ४८२७ दिवस, १४ तास, ५० मिनिटं. उलटं मोजलं तर त्या जोडीचे सेल तुम्ही २० मार्चला दुपारी तीनच्या आत घातलेत.

खात्री करायची असेल तर त्याच गठ्ठ्यात ५ एप्रिलचा दिव्यांचा फोटो आहे का बघा, रात्री ९ ते ९ वाजून ९ मिनिटं. असला तर कॅमेऱ्याची वेळ १७ जानेवारी, सकाळी सव्वासहाच्या आसपास पाहिजे.

लिंबाखालचा:

अहो आहे! १७ जानेवारी, ६ वाजून १४ मिनिटं!! बायकोला हाका मारून दाखवलं, ती म्हणाली बरं. लॉकडाऊनमध्ये सेल आणायला कोण बाहेर जाणार, म्हणून तीच जोडी पुरवून पुरवून वापरलेली दिसतेय. ह्या एका गठ्ठ्यात ९० फोटो निघाले, ९० मार्गी लागले.

पुण्यातली सोलापूरकर:

५ नंबरचा फोटो मगाचपासून बघतेय. दादा, ते ग्रहण आहे! पानांच्या बारीक फटीतून उन्हाचे कवडसे पडतात ना, ते एरवी गोल दिसतात कारण ते सूर्याचंच चित्र असतं. सूर्य झाकलेला असला की प्रत्येक कवडशाची कोर होते. तुमच्या अंगणात झाड आहे का?

लिंबाखालचा:

कडूलिंब होता. नावच लिंबाखालचा आहे की माझं. आता नाहीये, तोडला.

पुण्यातली सोलापूरकर:

मग २६ डिसेंबर २०१९ असणार, सकाळी आठ ते अकरा. खाली कर्नाटक-केरळात कंकणाकृती होतं, आपल्याकडे खंडग्रास पण बरंच झाकलेलं. जून २०२० ला पण एक झालं, म्हणून फाइलचा आकडा बघा, ताटांच्या आधीचा आहे का नंतरचा?

लिंबाखालचा:

आधीचा. म्हणजे २०१९ च. काय डोकं आहे ताई तुमचं. पुतण्याला विचारलं, तो म्हणतो शाळेत बाईंनी सांगितलं होतं, मीच काढला आणि तुम्ही कॅमेरा घेतला म्हणून मला रागावलात.

शिवाय ह्याने आमच्या घरातलं एक जुनं भांडण मिटलं. आई छातीठोक सांगायची की लिंब कोरोनाच्या आधीच तोडला. ताटांच्या फोटोत कडेला फांदी दिसतेय, अगदी डाव्या कोपऱ्यात. ह्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून दिसतं त्यापेक्षा फोटोत कडेला जास्त येतं, तेव्हा वैताग यायचा, दर फोटोत कुणाची तरी चप्पल नाहीतर बादली. आता त्या कडांवरच सगळी मदार आहे.

कडकभाकरी:

मग कडेला भिंतीवरचं कॅलेंडर पण दिसत असेल की, महिना वाच आणि मोकळा हो.

लिंबाखालचा:

दिसतं. पण आमच्याकडे दहा तारखेपर्यंत पान उलटत नाहीत, दुधाचे खाडे मागच्या पानावर लिहिलेले असतात. तरी साल कळतं, ते काय कमी आहे.

पुण्यातली सोलापूरकर:

अजून एक. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या त्या दिवशी लोकांनी मोबाईलवरचे फोटो टाकलेच असतील. व्हॉट्सअ‍ॅप फोटोच्या आतली तारीख पुसतं, पण अँड्रॉइडवर फाइलच्या नावातच आल्याचा दिवस असतो. साड्या जुळवून बघा, कोणत्या दिवशी कोणती. आणि तारखा बदलायच्या त्या मूळ फाइलीत बदला. गुगल फोटोजमध्ये बदलल्या तर त्या तिथल्या तिथेच राहतात, फाइलच्या आत जात नाहीत, अल्बमवाल्याला फाइल दिली की परत २००७.

रीळवाला:

बरोबर. त्यासाठी एक्झिफटूल वापरा, फुकट आहे. फरक देताना वर्ष-महिने असं देऊ नका, महिने लहानमोठे असतात, गडबड होते, सरळ दिवस आणि तास द्या. आणि एकाच गठ्ठ्याला चुकून दोनदा चालवू नका, २०३३ साल येईल. ते मूळ फाइल ‘ओरिजिनल’ असं शेपूट लावून बाजूला ठेवतं, जागा दुप्पट लागेल, पण काम संपेपर्यंत पुसू नका.

ज्या गठ्ठ्यात खूणच नाही त्याला मागच्या आणि पुढच्याच्या मधे दाबा. चिमणीचं विसरू नका, ती जून २०२३ ला पाडली, म्हणजे ४ नंबर त्याच्या आधीचा. आणि गड्ड्याची गर्दी असेल तर जानेवारी २०२१ नक्की नाही, त्या वर्षी यात्रा साधेपणाने झाली.

आता तो बारका सेल टाका आधी, नाहीतर पंचाहत्तरीचे फोटो पण २००७ चे होतील.

लिंबाखालचा:

चार दिवसांनी लिहितोय. एकूण ५८ गठ्ठे निघाले. ३१ खुणेने बसले, २४ मधे दाबून. नंदीध्वजाचे फोटो सगळ्यात सोपे, अक्षता सोहळा संक्रांतीच्या आदल्या दिवशी आणि शोभेचं दारूकाम त्यानंतर दोन दिवसांनी, फक्त साल ठरवायचं, ते पुतण्याच्या दातांवरून ठरवलं. आईला शेजारी बसवलं होतं, तिने मागाच्या शेडचे बरोबर लावले, कोणता माग आधी विकला, कोणता नंतर, नक्षी विणायचं जेकार्ड कोण घेऊन गेलं, सगळं पाठ. लिंबाचं मात्र अजून मान्य नाही. म्हणते फांदी शेजाऱ्यांची असेल.

बारका सेल पण टाकला. सीआर १२२० लागतो, म्हणजे साडेबारा मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड. दुकानदाराने आधी १२१६ दिला, बसेल म्हणाला. बसतो, पण पातळ आहे, आत हलतो आणि तारीख परत जाते. कुणी घेणार असाल तर आकडा वाचून घ्या. रिकामा कॅमेरा रात्रभर ठेवून बघितला, सकाळी तारीख जागेवर.

तीन गठ्ठे राहिलेत, तिन्ही गड्ड्यातले, २०१७ का २०१८ ते ठरत नाही. दोन्ही वर्षं घरात तेच स्वेटर. एका फोटोत होम मैदानावर मोठा पाळणा आणि त्याच्या उजव्या हाताला मौत का कुवा दिसतोय, मागे भुईकोट किल्ल्याचा बुरूज. कुणाकडे त्या दोन वर्षांतले गड्ड्याचे फोटो असतील तर कुवा पाळण्याच्या कोणत्या बाजूला होता तेवढं बघून सांगाल का?

सातरस्ता:

२०१८ चे आहेत माझ्याकडे, रात्री बघून सांगतो. हार्डडिस्क कुठे ठेवलीय ते आधी बायकोला विचारावं लागेल.