पाथ उलटा केल्यावर वक्र बिघडतो: आधी 'एस' तपासा

प्रश्न असा आहे: एसव्हीजी चित्रातला पाथ (रेषा आणि वक्र कसे काढायचे ते सांगणारी कमांडची यादी) उलट्या दिशेने लिहिला की सरळ रेषा बरोबर येतात, पण काही वक्रांना मध्येच कुबड येतं. आणि कंट्रोल पॉइंटची (वक्राला वळण देणाऱ्या बिंदूंची) अदलाबदल तर कोडमध्ये नीट होतेय. माझा संशय 'एस' कमांडवर आहे. तिच्यात पहिला कंट्रोल पॉइंट लिहिलेलाच नसतो, आधीच्या तुकड्याच्या दुसऱ्या कंट्रोल पॉइंटचं प्रतिबिंब घेऊन तो काढतात. पाथ उलटला की 'आधीचा तुकडा'च बदलतो आणि प्रतिबिंब भलत्याच बिंदूचं पडतं. म्हणून आधी प्रत्येक 'एस'चा पूर्ण 'सी' (दोन्ही कंट्रोल पॉइंट लिहिलेला वक्र) करा, तसाच 'टी'चा (एकच कंट्रोल पॉइंट, तोही न लिहिलेला) 'क्यू' (तो बिंदू लिहिलेला) करा, सापेक्ष आकडे (आधीच्या बिंदूपासून मोजलेले) निरपेक्ष (मूळबिंदूपासून मोजलेले) करा, मगच उलटवा. हा क्रम चुकला तर पुढचं सगळं वाया.

कंसाचा फक्त स्वीप फ्लॅग (कंस कोणत्या दिशेने फिरतो ते सांगणारा ० किंवा १) पालटायचा, बाकी काही नाही.

'झेड'कडे (पाथ सुरुवातीच्या बिंदूला जोडून बंद करणाऱ्या कमांडकडे) मात्र नीट लक्ष द्या. समजा पाथ आहे: ०,० वरून १००,०, तिथून १००,५० आणि मग 'झेड'. शेवटच्या बिंदूपासून उलटं लिहिलं तर आकार तोच दिसतो, पण सुरुवात १००,५० वर सरकते. रंग भरलेल्या आकारात हे कळतही नाही. तुटक रेषा असेल किंवा रेषा काढत नेणारं अ‍ॅनिमेशन असेल तर लगेच उघडं पडतं. त्यापेक्षा ०,०, मग १००,५०, मग १००,०, मग 'झेड' असं लिहा.

आतलं भोक भरून गेलं असेल, तर 'नॉनझिरो' नियम (रेषांच्या दिशेवरून कुठे रंग भरायचा ते ठरवणारा) असताना एकच उपपाथ (पाथमधला एक सुटा तुकडा, जसा बाहेरचा आकार किंवा आतलं भोक) उलटला गेलाय का ते बघा.