शब्दचर्चा: नॅनोइमल्शनला मराठीत काय म्हणायचं, आणि ‘स्थिर’ म्हणजे किती स्थिर?

फार्मसीवाली: एमआरएनए लसींवर (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारं जनुकीय द्रव्य ज्यात असतं त्या लसी) मराठीत एक लेख लिहितेय आणि एकाच वाक्यावर अडकलेय. “जनुकीय द्रव्य पेशीत पोचवण्यासाठी ते स्थिर नॅनोइमल्शनमध्ये भरतात.” इमल्शनला पायस हा शब्द मिळाला, पण आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली खिरीबद्दल आहे का? अब्जांश पायस लिहू की सरळ नॅनोइमल्शन? बाकी वाक्य बरोबर आहे ना?

थेंबवाला: ताई, पायस बिनधास्त वापरा. तो पयस् म्हणजे दुधावरून आलाय आणि इमल्शनसुद्धा लॅटिनमधल्या दूध काढण्याच्या क्रियापदावरून आलाय, दोन्हीकडे नजर दुधावरच गेली, कारण दूध म्हणजे पाण्यात पसरलेले स्निग्धाचे बारीक थेंब. एकदा सांगून टाका की पायस म्हणजे इमल्शन, पुढे वाचक आपोआप येतो. अब्जांश मात्र नको, अब्जांश तंत्रज्ञान चालतं पण अब्जांश पायस म्हटलं की पायसाचा अब्जावा हिस्सा वाटतो. नॅनोपायस म्हणा.

खरी अडचण ‘भरतात’ मध्ये आहे. लिपिड नॅनोपार्टिकलमध्ये, म्हणजे स्निग्ध द्रव्याच्या अतिसूक्ष्म कणात, आरएनए (तुमचं जनुकीय द्रव्य) आत असतो, तिथे भरतात ठीक. नॅनोपायसात तसं नसतं. आरएनएवर निगेटिव्ह चार्ज असतो, पेशीचं आवरणही बाहेरून निगेटिव्ह, त्यामुळे नुसता आरएनए पेशीजवळ नीट टिकतच नाही आणि वाटेतली एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात ते वेगळंच. म्हणून तेलाच्या थेंबावर डॉटॅपसारखं पॉझिटिव्ह लिपिड बसवतात आणि आरएनए थेंबाच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतो. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीची कोविडवरची लस जेमकोव्हॅक-ओएम याच पद्धतीची आहे, तिला जून २०२३ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तेव्हा ‘भरतात’ काढा, ‘थेंबांवर चिकटवतात’ लिहा, यात मी अजिबात माघार घेणार नाही कारण एका क्रियापदाने वाचकाच्या डोक्यातलं चित्रच उलटं होतं.

विदर्भकर: भाऊ, आणि स्थिरचं काय? आमच्याकडे मायक्रोइमल्शनलाही स्थिर म्हणतात अन् नॅनोलाही.

थेंबवाला: हो ना, तिथेच सगळा घोळ होतो. मायक्रोइमल्शन ऊर्जेच्या हिशोबाने स्थिर असतं, घटक योग्य प्रमाणात आले की आपलं आपण तयार होतं. नाव मायक्रो असलं तरी त्याचे थेंब बऱ्याचदा नॅनोवाल्यांपेक्षा बारीक असतात. नॅनोपायस बहुधा हाय प्रेशर होमोजिनायझरमधून, म्हणजे दाबाने थेंब बारीक करणाऱ्या यंत्रातून, जोर लावून बनवावं लागतं आणि ते कधी ना कधी वेगळं होणारच, फक्त आपण तो वेग इतका कमी करतो की ते महिनोन्महिने तग धरतं. म्हणून मी ‘टिकाऊ’ म्हणेन, स्थिर नाही.

बिघडायचे प्रकारही वेगवेगळे आहेत आणि मराठीत त्यांना एकच ‘फाटलं’ म्हणून चालत नाही. थेंब वर जमले तर साय धरली, हे हलवलं की पूर्ववत होतं. थेंब एकमेकांत मिसळून मोठे झाले तर ते परत येत नाही. तिसरा ऑस्टवाल्ड रायपनिंग, म्हणजे छोट्या थेंबातलं तेल पाण्यातून मोठ्या थेंबाकडे सरकत जातं, छोटे संपतात मोठे वाढतात. म्हणून पाण्यात जवळजवळ न विरघळणारं स्क्वालिन नावाचं तेल घेतात. तेच तेल एमएफ५९ या लशीचा परिणाम वाढवणाऱ्या पायसात आहे, इटलीत १९९७ पासून फ्लूच्या लशीत वापरात आलेलं, थेंब साधारण १६० नॅनोमीटर. पुढे नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या लोकांनी त्यातच डॉटॅप घालून आरएनए वाहून न्यायला लावलं.

आणि टिकाऊ कशाचं तेही लिहा. नुसतं पायस बाटलीत छान टिकतं कारण सगळे थेंब पॉझिटिव्ह, एकमेकांना ढकलतात. आरएनए घातला की चार्ज उतरतो, प्रमाण चुकून दोन्ही चार्ज बरोबरीला आले की थेंब गोळा व्हायला लागतात, मघाशी निळसर अर्धपारदर्शक दिसणारं पायस बघता बघता गढूळ होतं. म्हणून पॉझिटिव्ह बाजू मुद्दाम जास्त ठेवतात.

फार्मसीवाली: मग असं करू का? “जनुकीय द्रव्य पेशीत पोचवण्यासाठी ते टिकाऊ नॅनोपायसातल्या तेलाच्या थेंबांवर चिकटवतात.”

थेंबवाला: थेंबांच्या आधी ‘पॉझिटिव्ह चार्ज असलेल्या’ टाका, नाहीतर का चिकटतं ते कळणार नाही. बाकी चोख.